सात दिवसांची तळटीप

हेडविकाच्या नवऱ्याने तिला मारलं तो शुक्रवार होता आणि मंगळवारी मी तिला कामावर बोलावलं. माझी लायकी एवढ्यात कळते. तरी सगळं सांगते, कारण निकालपत्रात माझं नाव कुठेच आलेलं नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावात, कोर्टासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची कचेरी. मी बोहुमिला, पण मला सगळे मीलाच म्हणतात. जर्मन माझं, इंग्रजी हेडविकाचं. दोघीही शपथ घेतलेल्या अनुवादक, म्हणजे आमचा गोल शिक्का नसला तर परदेशातल्या कोर्टात आमच्याकडचा निकाल रद्दीच्या भावाचा. आरीने भोकं पाडायची, मूळ प्रत आणि अनुवाद पांढऱ्या-लाल-निळ्या दोऱ्याने एकत्र शिवायचे, शेवटच्या पानावर शिक्का, सही, तारीख. मग डायरीत नोंद. शिवणकाम माझ्याकडे होतं, कारण हेडविकाचे टाके बघून माझं डोकं उठायचं.

शब्दांच्या बाबतीत मात्र तिच्यासमोर मी तोंड उघडत नसे. तिच्या टेबलावर एक लाकडी खोकं होतं, त्यात फौजदारी कायद्याच्या शब्दांची कार्डं. वर चेक शब्द, खाली इंग्रजी, आणि त्याच्याही खाली लाल पेन्सिलीने इंग्रजीतले ते शब्द, जे वापरायचे नाहीत. लाल यादी नेहमी लांब असायची. एखाद्या वकिलाने फोन करून म्हटलं, "अहो, सरळ मॅनस्लॉटर लिहा ना, काय फरक पडतो," की ही खुर्चीतून उठायची.

"मीला, या माणसाला सांग, गुन्ह्याला परदेशी कोट चढवला की तो मापात राहत नाही. एक तर आखूड होतो, नाहीतर पायात येतो."

"तूच सांग. मी जर्मनवाली."

आमच्या कायद्यातली एक गोष्ट तर तिने इंग्रजांना इतक्या वेळा समजावली होती की मलाही पाठ झाली. इंग्रज जखम केवढी ते बघतात, आम्ही दिवस मोजतो. मार खाल्लेला माणूस सात दिवस तरी आपलं रोजचं आयुष्य जगू शकला नाही, तर तो गुन्हा. सातच्या आत हिंडूफिरू लागला, तर नुसतं गैरवर्तन. नगरपालिकेत कागद जातो, दंड होतो, मारणारा घरी. सहा आठवडे ओलांडले, तर गंभीर दुखापत, आणि मग वर्षानुवर्षं तुरुंग. 'दुखापत' या कार्डाच्या मागे हे सगळं हेडविकाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

तिचा नवरा राडोवान पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. चारचौघांत इतका गोड की बघत राहावं. कचेरीत यायचा तेव्हा माझ्यासाठी खसखशीचा केक आणायचा, दार धरून उभा राहायचा, मला 'मॅडम' म्हणायचा. मला तो कधीच आवडला नाही, पण केक मी खात होते.

त्या शुक्रवारी कोर्टातली सुनावणी लांबली आणि ती चार वाजता घरी पोचली. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं होतं. त्याने तिचे केस मुठीत धरले, तोंड कपाटाच्या कडेवर टेकवलं आणि दार आपटलं. तीनदा. ती खाली पडल्यावर बुटांसकट लाथा घातल्या, बरगड्यांत, पाठीत, कानावर. शेजारणीने पोलीस बोलावले. त्यांनी त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या आणि दहा दिवस घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून त्याला बॅग भरून बाहेर काढलं. जाताना तो तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "दहा दिवस काय, लगेच जातील."

आमच्याकडे अशा मारहाणीचा खटला नवऱ्यावर चालवायचा तर बायकोची लेखी संमती लागते. हेडविकाने बारा वर्षांत पहिल्यांदा ती दिली. सुजलेल्या तोंडाने, पोलीस ठाण्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. शेजारी मी होते. बार्तोश नावाचा पोलीस अधिकारी, वयाने माझ्या भाच्याएवढा, सही बघून म्हणाला,

"बाई, आता नीट ऐका. हाडं शाबूत आहेत, म्हणून सगळं दिवसांवर येतं. डॉक्टरांनी दहा दिवसांची विश्रांती लिहिलीय, आपल्याला सात पुरेत. सात झाले की सरकारी वकील कोठडी मागतील. तुम्ही फक्त घरी पडून राहा."

"एवढंच?" हेडविकाने ओठाच्या एका कोपऱ्यातून विचारलं.

"एवढंच. काही करू नका."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला काही करू नका म्हणत होतं.

सोमवारी कोर्टाची फाइल आली. करविना गावातला कामिल नावाचा एक माणूस बायकोला मारहाण करून इंग्लंडला पळाला होता आणि लीड्समध्ये पकडला गेला होता. शुक्रवारी तिथलं कोर्ट त्याला परत पाठवायचं की सोडायचं ते ठरवणार होतं. तिथल्या न्यायाधीशाला आमचा निकाल इंग्रजीत हवा होता आणि एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: हा जो गुन्हा तुम्ही म्हणता, तो खरंच दुखापतीचा, की नुसती धक्काबुक्की? कागद बुधवारी सकाळी निघायला हवे होते. फाइलच्या पाठोपाठ त्याच्या बायकोचाही फोन आला. रेनाटा तिचं नाव.

"तो सुटला तर इकडेच येणार," ती म्हणाली. "तुम्ही लिहाल ना वेळेत?"

"लिहू," मी म्हटलं.

पुढे मी सगळ्यांना सांगितलं की रेनाटासाठी मी हेडविकाला बोलावलं. ते अर्धंच खरं. एकोणीस वर्षांत आमच्या कचेरीने एकही तारीख चुकवली नव्हती, आणि ही गोष्ट मी लग्नात, मयतात, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले होते. फोन उचलताना मला आधी ती एकोणीस वर्षं आठवली. रेनाटा नंतर.

"चावता येत नाही," हेडविका फोनवर म्हणाली. "टाइप करता येईल."

मंगळवारी ती आली. काळा चष्मा, गळ्यापासून नाकापर्यंत रुमाल. डावा कान पिकलेल्या आलुबुखारासारखा. मी थर्मासमधून बटाट्याचं सूप आणलं होतं, तिने ते नळीने प्यायलं. जिना चढून आल्यावर ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती आणि मी खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं मी मोठा उपकार करतेय.

आमच्या निकालपत्रांत गुन्ह्याची हकीकत एका वाक्यात लिहितात. पूर्णविराम नाही. कितीही मारलं असू दे, वाक्य एकच. हेडविका ते मोठ्याने वाचत वाचत इंग्रजीत घालायची, तिची तशी सवयच होती.

"की आरोपीने राहत्या घरी, पत्नीने भांडी धुवायला उशीर केला या कारणावरून, तिला प्रथम उघड्या हाताने गालावर, मग मुठीने त्याच गालावर किमान चार वेळा मारलं, ती खाली बसल्यावर तिच्या पाठीवर गुडघा रोवून तिचं तोंड फरशीवर आपटलं, ती दाराकडे सरपटू लागल्यावर घोट्याला धरून मागे ओढलं, पायातल्या बुटाने कमरेवर लाथा मारल्या, त्यात तिची दोन बरगडीची हाडं मोडली, आणि त्यामुळे ती एकोणीस दिवस..."

ती थांबली. पाण्याचा ग्लास उचलला, पण ओठाला लावला नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "पुढचं नंतर कर."

"नको. एकदा थांबले तर परत सुरू होणार नाही."

अकरा पानं झाली. मग न्यायाधीशाच्या प्रश्नाला तळटीप. तिने खोक्यातून 'दुखापत' काढलं, समोर उभं केलं आणि लिहू लागली: या गुन्ह्याला इंग्रजी कायद्यातलं कुठलंही नाव लावू नये, आमच्याकडे मोजमाप जखमेचं नसून काळाचं आहे, पीडित व्यक्तीचं नेहमीचं आयुष्य किमान सात दिवस...

तिची बोटं थांबली. चष्मा काढून तिने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा पूर्ण मिटलेला.

"मीला, आज माझा पाचवा."

मी सुईत दोरा ओवत होते. तिचं म्हणणं मला कळलं नाही असं नाही. लख्ख कळलं. पण घड्याळात चार वाजले होते, आणि दोरा एकदाचा ओवला गेला होता.

"लिही गं," मी म्हटलं. "कोण मोजतंय?"

तिने लिहिलं. शिक्का मारला, सही केली, तारीख टाकली. मी सतरा टाके घातले, अगदी सरळ. मग तिने डायरीत नोंद केली आणि भिंत धरत धरत जिना उतरली.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सकाळी बार्तोश आमच्या दारात उभा. टोपी हातात.

"मॅडम, हेडविकाबाईंनी मंगळवारी काम केलं?"

"का?"

"राडोवानच्या वकिलाने अर्ज दिलाय. म्हणतो, पाचव्या दिवशी बाई कचेरीत बसून अकरा पानं करत होत्या, मग आयुष्य कुठे अडलं होतं? त्यांची डायरी बघायची आहे."

वकिलाला कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. राडोवान स्वतःच रस्त्यापलीकडे उभा असेल. त्याला दुसरं काम काय होतं? डायरी माझ्या हाताशी, ड्रॉवरमध्ये होती. सापडत नाही म्हणाले असते, तर? पण शिक्का आणि तारीख लीड्सला जाऊन पोचले होते, माझ्याच सतरा टाक्यांनी शिवून. मी डायरी दिली.

त्याने पान बघितलं, मिटलं.

"तुम्ही पण कमाल करता, मॅडम. हे सात दिवसांचं आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ. रोज लिहिता."

"आता काय होईल?"

"काय व्हायचंय? कागद नगरपालिकेत जाणार. दंड होईल. कागदावर दहावा दिवस सोमवारी सकाळी अकरालाच संपतो, मग त्याला घरी जायला कुणी अडवू शकत नाही. ती मनाई वाढवून मागा कोर्टाकडून. आज, आत्ता."

आम्ही धावलो. पण शुक्रवारी दुपारी आमच्या देशात कुठल्या कचेरीत कोण सापडतं? खिडकीवर पडदा ओढलेला. सोमवारी आठ वाजता यायचं ठरलं. मी हेडविकाला म्हटलं, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, घर माझं आहे, मांजर आहे, आणि सोमवारी आठला तर आपण खिडकीवर असू. त्याच्या हातात अकरापर्यंत काही नाही.

सोमवारी आठला आम्ही खिडकीवर होतो. आतल्या बाईने अर्ज वाचला आणि म्हणाली, पोलिसांच्या मनाईच्या कागदाची मूळ प्रत लागेल, झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत हेडविकाच्या घरी, फ्रिजवर. साडेनऊ झाले होते आणि हातात रांगेचा नवा नंबर होता.

"मी येते," मी म्हटलं.

"तू नंबर धर. गेला तर पुन्हा मागे उभं राहावं लागेल. ट्रामने वीस मिनिटं."

मी नंबर धरला. रांगेत उभं राहून नंबर धरणं मला जमतं.

ट्रामचा मार्ग त्या दिवशी रूळ दुरुस्तीसाठी वळवलेला होता, पुढे तिला चालत जावं लागलं. ती घरी पोचली तेव्हा अकराला तीनच मिनिटं कमी होती. मांजर पलंगाखाली गेलं होतं, त्याला खायला घालायला ती दोन मिनिटं थांबली. कागद पर्समध्ये घालून तिने दार उघडलं, तर राडोवान पायरीवर बसलेला. हातात घड्याळ.

"अकरा वाजून एक," तो म्हणाला. "मी कायदा पाळतो."

पुढचं मी नंतर कोर्टात ऐकलं. त्याने तिला आत ढकललं आणि तिचीच किल्ली कुलपात फिरवली. ओट्यावर मांस कुटायचा हातोडा टांगलेला असतो तसा त्यांच्याकडेही होता, एका बाजूने दाते असलेला. त्याने तिचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला.

"याच हाताने शिक्का मारलास ना? याच हाताने सोडवलंस मला. थांब, आभार मानतो."

पहिला घाव अंगठ्यावर. दुसरा, तिसरा, चौथा बोटांच्या पेरांवर, एकेक करून, घाई न करता. ती किंचाळली तेव्हा त्याने भांडी पुसायचं फडकं तोंडात कोंबलं. ओटा रक्ताने भरला, तर म्हणाला, "बघ, किती गोल उमटलंय." मग मनगट. मग कोपर. ती खाली कोसळल्यावर हातोडा फेकून त्याने बूट घातलेल्या पायाने तिच्या जबड्यावर उडी मारली. शेजारणीने पुन्हा पोलीस बोलावले. ते दार तोडून आत आले तेव्हा तो टेबलाशी बसून बिअर पीत होता.

माझा नंबर साडेअकराला आला. खिडकीतल्या बाईने विचारलं, "मूळ प्रत आणलीत?"

हॉस्पिटलमध्ये मी हेडविकाला पाहिलं. उजव्या हाताच्या बोटांतून तारा बाहेर आलेल्या. जबडा तारांनी बांधलेला. ती डाव्या हाताने पाटीवर लिहायची. पहिलं वाक्य लिहिलं: "मांजर?" मांजर माझ्याकडे होतं.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक रेघ. बेचाळीस रेघा झाल्या की गंभीर दुखापत, आणि मग कुठल्याही वकिलाने कितीही डोकं लढवलं तरी राडोवान सुटणार नव्हता. डॉक्टर म्हणायचे, हाताचं आणखी महिनोन् महिने चालेल, तुम्ही कशाला मोजता? मी ऐकलं नाही. पोलिसांचंही एकदा ऐकलं होतं आणि मग काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. तिचा शिक्का मी माझ्या तिजोरीत ठेवला, डायरीही. एकविसाव्या दिवशी जबड्याच्या तारा सैल केल्या आणि ती म्हणाली, "कंटाळा आला. दोन पानं आण ना, मी सांगते, तू टाइप कर."

"नाही."

"मीला, तोंडी आहे. हात कुठे लागतोय?"

"नाही म्हटलं ना! पेन्सिलही धरायची नाहीस. पडून राहा."

मी देव मानत नाही. तरी हॉस्पिटलच्या बाकावर बसून रोज मनात म्हणत होते, हिला लवकर बरं वाटू देऊ नकोस. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीची बोटं आणखी तीन आठवडे वाकू नयेत, हे मी मागत होते. नर्सने येऊन सांगितलं, "आज हिने चमचा धरला," तर मी मनात उरलेल्या रेघा मोजल्या. असली प्रार्थना कुणी केली असेल तर तिने मला भेटावं, आम्ही दोघी मिळून रडू.

तिसाव्या दिवशी लीड्सहून पत्र आलं. कामिलला परत पाठवायचं ठरलं होतं. न्यायाधीशाने निकालात हेडविकाची तळटीप जशीच्या तशी घातली होती आणि अनुवादकाचे आभार मानले होते. मी ते तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती छताकडे बघत होती.

"रेनाटाचे किती दिवस होते?"

"एकोणीस."

"हं." मग ती म्हणाली, "तिला कुणी कामावर बोलावलं नव्हतं."

आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते, पाया पडले असते. राग नव्हता. मी पत्राची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि तिच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं. ते आधीच सरळ होतं. घरी येऊन मी एकतिसावी रेघ एक दिवस आधीच ओढायला निघाले होते, हात मागे घेतला.

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी शिक्का तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उजव्या हाताने उचलायचा प्रयत्न केला. अंगठा वळला, बाकीची बोटं आली नाहीत. शिक्का जमिनीवर पडून पलंगाखाली गेला. मी गुडघ्यांवर बसून तो शोधत असताना म्हटलं, "हेडविका, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे," ती वरून म्हणाली. "शिक्का सापडला का?"

निकाल हिवाळ्यात लागला. आमच्याकडे निकाल उभ्यानेच ऐकतात, न्यायाधीशापासून आरोपीपर्यंत सगळे. राडोवान नव्या सुटात उभा होता, दोन पहारेकऱ्यांच्या मधे, आणि तेव्हाही मला बघून त्याने मान झुकवली. हेडविका माझ्या डाव्या बाजूला, हात खिशात घालून. न्यायाधीशबाई एकाच वाक्यात वाचत गेल्या, की आरोपीने राहत्या घरी, पोलिसांची मनाई संपताच, पत्नीचा उजवा हात ओट्यावर दाबून धरून, मांस कुटायच्या हातोड्याने प्रथम अंगठ्यावर, मग प्रत्येक बोटावर, मग मनगटावर, आणि हेडविका ओठ हलवत होती. मला आधी वाटलं ती रडतेय. ती इंग्रजी करत होती. शब्दामागून शब्द, न अडखळता, जसं रेनाटाचं केलं होतं.

"...ज्यामुळे पीडितेच्या प्रकृतीचा बिघाड बेचाळीस दिवसांहून अधिक काळ," न्यायाधीशबाईंनी वाचलं.

हेडविकाचे ओठ थांबले. ती माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली,

"या वेळी मोजलं कुणीतरी."

मी तिच्या शेजारी उभी राहिले, कारण वाक्य अजून संपलं नव्हतं.